न कापलेले कोपरे



आजचा वाचनभाग : लेवीय १९:९-१८

वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचं ठरवलेले बरेच जण लेवीयच्या पुस्तकात येऊन थांबतात. उत्पत्तीत गोष्टी आहेत, निर्गममध्ये तांबडा समुद्र आहे, आणि मग अचानक यज्ञाची चरबी, त्वचेवरचे चट्टे, कपड्यावरची बुरशी. पण एकोणिसावा अध्याय गाळू नका. प्रभू येशूने ज्या दोन आज्ञांवर सगळं नियमशास्त्र अवलंबून आहे असं सांगितलं, त्यातली दुसरी, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची, ती इथे अठराव्या वचनात आहे. आणि तिच्या नऊ वचनं आधी शेतीचा एक साधा नियम आहे.

नियम असा : पीक कापताना शेताचे कोपरे पूर्ण कापायचे नाहीत. खाली पडलेला सरवा वेचायचा नाही. द्राक्षमळ्यात परत एक फेरी मारून राहिलेले घड खुडायचे नाहीत. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यायचं. कारण? ‘मी तुमचा देव आहे’ एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही.

आपल्यापैकी शहरात वाढलेल्यांना ‘सरवा’ हा शब्द बायबलमध्येच भेटतो. माझी आजी नगर जिल्ह्यातली, तिच्यासाठी तो रोजचा शब्द होता. ज्वारीची काढणी झाली, कणसं खळ्यावर गेली, की मागे रानात जी कणसं राहायची ती वेचायला बायका-पोरं यायची. तो सरवा. भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा उकरायच्या, तेही त्यातलंच. आजी सांगायची, काही मालक सरव्याला येऊ द्यायचे, काही जण आधी आपलीच पोरं पाठवून रान झाडून घ्यायचे, आणि कोण कसा ते अख्ख्या गावाला बरोबर माहीत असायचं.

औदार्याबद्दल आपल्या मंडळ्यांमध्ये जे संदेश होतात त्यात बहुतेक वेळा क्रियापद असतं ‘देणे’. इथे क्रियापद आहे ‘राहू देणे’. मला वाटतं हा फरक मोठा आहे. देणारा हात वर असतो, घेणारा खाली. देणारा ठरवतो कोणाला, किती, कधी. पण ज्याने कोपरा कापलाच नाही, तो त्या वेळी शेतात हजर असायचीही गरज नाही. गरीब माणूस स्वतः येतो, स्वतःच्या हाताने कापतो, आणि घरी जातो. कोणाला धन्यवाद म्हणायचे नाहीत, फोटो काढायचा नाही. तो कोपरा मालकाने ‘दिलेला’ नाहीच. देवाच्या हिशेबाने तो मुळात मालकाचा नव्हता.

शास्त्रात कोपरा किती मोठा ते लिहिलेलं नाही. दशांशाचा आकडा आहे, कोपऱ्याचा नाही. पुढे ज्यू धर्मगुरूंनी मिश्नामध्ये यावर ‘पेआह’ नावाचा एक आख्खा विभाग लिहिला. त्यात आधी म्हटलंय की याला माप नाही, आणि लगेच पुढे म्हटलंय की तरी साठाव्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवू नका. माणसाचा स्वभाव ओळखून होते ते लोक.

त्याच परंपरेत आणखी एक चर्चा आहे : कोपरा शेताच्या शेवटीच का ठेवायचा, मधे कुठेही का नाही? एक कारण असं दिलंय की जागा ठरलेली नसेल तर मालक, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, आपल्या एखाद्या गरीब नातेवाइकाला गुपचूप सांगेल, ‘हा घे कोपरा.’ याला त्यांनी गरिबांची लूट म्हटलंय. बघा हं, नातेवाईक खरोखर गरीब आहे, धान्य खरोखर गरिबाच्याच घरी जातंय, तरी लूट! दुसरं कारण : मालक कधी आणि कुठे कोपरा सोडेल याची वाट बघत गरिबांचा दिवस वाया जाऊ नये. गरिबाच्या वेळेलाही किंमत आहे, हा विचार त्या काळात कोणीतरी केला होता.

आता आपल्याकडे या. आपलं देणं जवळजवळ पूर्णपणे निवडीवर चालतं. व्हॉट्सअॅपवर कोणाच्या ऑपरेशनचा मेसेज आला, फोटो बघून मन हेललं, युपीआयने पाचशे पाठवले. दुसऱ्या मेसेजमधला फोटो तितका भिडला नाही, पुढे सरकलो. सिग्नलवर हात पुढे आला की दोन सेकंदांत आपण न्यायाधीश होतो : हा धडधाकट दिसतो, ही खरंच आजारी असावी, हा नक्की दारूला देणार. प्रत्येक वेळी घेणाऱ्याला आपल्यापुढे उभं राहून आपली गरज सिद्ध करावी लागते. ज्याची गोष्ट चांगली सांगता येते त्याला मिळतं. ज्याला सांगता येत नाही, लाज वाटते, भाषा येत नाही, तो उपाशी राहतो.

आणि टॅक्सचं तर विचारूच नका. नव्या कररचनेत ८०जीची वजावट मिळत नाही. हे कळल्यावर ‘मग देण्यात काय पॉइंट’ असं सहज म्हणणारे ऑफिसात भेटतात, आणि ते वाईट लोक नसतात. वजावट जरूर घ्या, त्यात पाप नाही. फक्त वजावट गेल्यावर देणं किती टिकलं यावरून ते देणं कशावर उभं होतं ते दिसतं.

‘पण भाऊ, डोळे झाकून द्यायचं का? फसवणूक किती चालते!’ हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो बरोबर आहे. अगदी सुरुवातीच्या मंडळीलाही तो पडला होता. ‘डिडाखे’ नावाचं एक फार जुनं ख्रिस्ती लेखन आहे. त्यात मागणाऱ्या प्रत्येकाला दे असं सांगितलंय, आणि लगेच पुढे असंही की दान कोणाला द्यायचं ते कळेपर्यंत ते तुझ्या हातात घामेजू दे. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी. त्यांनी ताण सोडवला नाही, तसाच ठेवला.

मला स्वतःला प्रेषितांची कृत्ये सहा मधलं उत्तर जास्त पटतं. त्याआधी चौथ्या अध्यायात लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतात. म्हणजे कोणाला मिळणार हा निर्णय हातातून सोडून देतात. आणि मग ती व्यवस्था बिघडते! ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार येते. आपण असतो तर काय म्हटलं असतं? ‘बघा, म्हणून मी मंडळीत देत नाही, थेट माणसाला देतो.’ प्रेषितांनी तसं केलं नाही. त्यांनी सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवली असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. आमच्या भाषेत, सिस्टीममध्ये बग सापडला म्हणून सिस्टीम फेकून दिली नाही, बग फिक्स केला. पौलानेही यरुशलेमसाठी वर्गणी गोळा करताना सोबत माणसं घेतली, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). तेव्हा हिशेब मागा, कमिटीत बसा, ऑडिट वाचा. पण ‘माझा पैसा, मी ठरवणार कोण लायक’ हा हट्ट वेगळा. त्याला सावधपणा म्हणू नये.

आता जी गोष्ट मला आजच्या वचनात सगळ्यात जास्त टोचते ती सांगतो. कोपरा कधी ठरतो? काढणी झाल्यावर नाही. पोती भरून घरी आल्यावर ‘उरलं तर देऊ’ असा हा नियम नाही. विळा चालवतानाच तो ठरतो.

आपला विळा कुठे चालतो? रविवारी थैली फिरते तेव्हा नक्कीच नाही, तोपर्यंत सगळं कापून झालेलं असतं. आपला विळा चालतो बँकेत सही करताना. पन्नास लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण ४३ हजार. बँक तुमच्या पगाराकडे बघून सांगते की तुम्ही एवढं ‘घेऊ शकता’. बँकेच्या हिशेबात कोपरा नसतो, आणि तिने ठेवावा अशी अपेक्षाही नाही. तुमचं शेत बांधापर्यंत कापता येतं एवढंच ती सांगत असते. मग पुढची वीस वर्षं आपण खऱ्या मनाने म्हणतो, ‘प्रभू, द्यायची खूप इच्छा आहे रे, पण उरतच नाही.’ इच्छा खरी असते. उरत नाही हेही खरं असतं. दोन खोल्यांऐवजी तीन खोल्या घेतल्या त्या दिवशी कोपरा कापला गेला, आणि त्या दिवशी आपण औदार्याबद्दल नाही, बाल्कनीबद्दल प्रार्थना करत होतो.

पगाराच्या नियोजनाचा ५०-३०-२० हा नियम तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल : गरजा, हौस, बचत. चांगला नियम आहे, उधळपट्टीपेक्षा शंभर पटीने बरा. पण बेरीज करून बघा, शंभर होते. कडेला काही उरत नाही.

वेळेचंही हेच. प्रिन्स्टनमध्ये १९७३ साली प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन यांचा एक प्रयोग आहे. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत, खोकत पडलेला, तो अर्थात ठरवून बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. काही जणांच्या भाषणाचा विषय चक्क चांगल्या शोमरोन्याचा दाखला होता, आणि विषयामुळे फारसा फरक पडला नाही. म्हणजे वचन माहीत असणं, त्यावर बोलता येणं, एवढ्याने पाय थांबत नाहीत. दिवसाला कड असावी लागते. लूक दहामधला शोमरोनी थांबू शकला, कारण त्याच्याकडे तेल होतं, द्राक्षारस होता, जनावर होतं, दोन दिनार होते, आणि एक रात्र होती.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. मशीन शंभर टक्के लोडवर चालवत नाही आपण. थोडा जादा ट्रॅफिक आला की रांग वाढत जाते आणि सगळं बसतं. म्हणून जागा रिकामी ठेवतो, आणि तिला वाया गेलेली जागा म्हणत नाही. कॅलेंडरला मात्र आपण हा नियम लावत नाही.

थोडं पुढे वाचा, तेरावं वचन. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको. कोपऱ्याच्या नियमानंतर चारच वचनांनी. हे दान नाही, हे देणं लागतो ते आहे, आणि दोन्ही एकाच श्वासात सांगितलंय. घरकामाला येणाऱ्या मावशींचे आपण गावी गेलो त्या पंधरा दिवसांचे पैसे कापायचे आणि रविवारी अर्पणात भरघोस टाकायचं, हे गणित देवापुढे जमत नाही. याकोब पाचमध्ये तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते असं लिहिलंय. यावर अजून काय लिहू? मावशींना विचारा, पगारी सुट्टी किती मिळते.

एक अवघड बाजू राहिली. कोपरा कोणाच्या वाट्याचा? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं औदार्य आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत अजून सांगितलं जातं. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हेही माहीत आहे की त्या मोकळ्या हाताचा हिशेब घरात लक्ष्मीबाईंना जुळवावा लागत होता. त्यांनी ते हसत हसत लिहिलंय, पण त्या हसण्याखाली काय काय आहे ते बायकांना लगेच कळतं. मार्क सातमध्ये प्रभू येशू अशा लोकांवर रागावतो जे आईवडिलांच्या वाट्याचं ‘देवाला कुर्बान केलंय’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्याच्या ताटातलं देऊन उदार होणं सोपं असतं. म्हणून नवरा-बायकोने कोपरा एकत्र ठरवावा. एकटा नवरा ठरवणार असेल तर त्याने आधी महिन्याचा किराणा स्वतः भरून बघावा.

आणि ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ म्हणून अकाउंट नंबर दाखवणाऱ्या प्रवचनांबद्दल मी एवढंच म्हणेन : परतावा हवा असेल तर एसआयपी करा. तिथे निदान जोखमीची सूचना छापलेली असते.

रूथचा दुसरा अध्याय आज संध्याकाळी वाचा, हा नियम प्रत्यक्षात कसा चालायचा ते तिथे दिसतं. रूथ मवाबी, परकी, विधवा. सरवा वेचायला निघताना ती सासूला म्हणते की ज्याची माझ्यावर कृपादृष्टी होईल त्याच्या मागे वेचीन. म्हणजे नियम असूनही प्रत्येक शेतात येऊ देत नव्हते. नामीलाही भीती आहे की दुसऱ्या शेतात हिला कोणी त्रास देईल. कागदावरचा हक्क आणि सुरक्षित शेत, यात अंतर होतं, आजही आहे. परराज्यातून पुण्यात आलेल्या एखाद्या मुलीला विचारा.

बवाज काय करतो? गड्यांना ताकीद देतो की तिला हात लावायचा नाही. जेवणाच्या वेळी तिला आपल्यात बसवतो. आणि मग गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांमधूनही थोडं मुद्दाम उपसून टाका, तिने वेचावं म्हणून, आणि तिला बोलू नका. नियमात एवढं नव्हतं. पण बघा, तो तिला पोतं भरून देत नाही. देऊ शकला असता, श्रीमंत होता. तो तिच्या वाटेत धान्य पडू देतो, आणि ती दिवसभर स्वतः वेचते, संध्याकाळी झोडपते, सुमारे एक एफा सातू होतात. ते ती स्वतःच्या कमाईसारखे डोक्यावर घेऊन सासूकडे जाते. त्या गड्यांनी जे मुद्दाम टाकलं होतं ते रूथला कधी कळलं का, शास्त्र सांगत नाही.

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून ‘बुहफाई थाम’ म्हणून एक रीत चालत आली आहे. भात शिजवायच्या आधी, प्रत्येक वेळी, एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढायचे, आणि ते जमले की मंडळीत न्यायचे. रोज आणि आधी. उरलेल्या भातातून नाही. शिवाय ती मूठ कोणाच्या ताटात जाणार हे काढणाऱ्या बाईला माहीत नसतं.

आपल्या डब्याची जागा कुठे? पगार जमा होतो त्याच दिवशी, हप्त्याच्याही आधी, एक ठरलेली रक्कम मंडळीच्या गरीब निधीत आपोआप जाऊ दे. नव्वद हजार पगार असेल तर साठावा हिस्सा होतो १,५०० रुपये. दशांशाच्या वेगळे, आणि तोही किमान. हा आकडा वाचून तुम्हाला जे वाटलं, लहान वाटला की मोठा, ते आज प्रार्थनेत प्रभूला जसंच्या तसं सांगा.

प्रभू, एक तारीख जवळ आली आहे. विळा हातात आहे तोवर आमच्याशी बोल. आमेन.